दहाला तीन

बाईंच्या टेबलावर त्या सकाळी अकरा वस्तू होत्या: एक ब्युरेट, तिचा लोखंडी स्टँड, सहा फ्लास्क, एक पिपेट, चष्म्याचं घर आणि एक कागद. पहिल्या दहा रोजच्याच होत्या. अकरावी साहेबांनी नुकतीच आणून ठेवली होती आणि साहेब अजून तिथेच उभे होते.

"वाचलंत?"

"वाचलं."

"मग?"

"मग काय? आपले एकशे अठ्ठ्याहत्तर. हवे होते एकशे चौऱ्याऐंशी." बाईंनी चष्मा काढून अ‍ॅप्रनच्या टोकाने पुसला.

"चार इकडेतिकडे चाललं असतं. सहा नाही चालत."

"हो, तेही खाली लिहिलंय."

साहेब वाईट माणूस नव्हते. पण त्यांना वाईट बातमी उभ्यानेच द्यायची सवय होती, बसले तर लांबेल अशी भीती वाटत असावी. ते म्हणाले, "तीन आठवड्यांनी दुसरी बाटली येईल. ती शेवटची. नियम मी केलेला नाही, बाई."

"तुम्ही केलाय असं कुठे म्हटलं मी?"

आमची प्रयोगशाळा शहराच्या पिण्याच्या पाण्याची. चार महिन्यांपूर्वी ती नव्या इमारतीत आली आणि त्याबरोबर नवे नियमही आले. अहवालावर सही करणाऱ्या प्रत्येकाची परीक्षा होणार होती. बाहेरची एक संस्था बंद बाटलीतून पाणी पाठवणार. त्यात काय किती आहे ते फक्त तिला माहीत. आपण मोजायचं आणि कळवायचं. बाईंच्या वाट्याला पाण्याचा जडपणा होता, म्हणजे पाण्यात चुना वगैरे किती विरघळलाय ते. दोनदा चुकलं तर सही बंद, आणि सही नाही तर टेबल नाही. बाईंच्या निवृत्तीला अकरा महिने होते. ते त्यांना धुलाईच्या खोलीत काढावे लागले असते, जिथे चौतीस वर्षांपूर्वी, तेवीस वर्षांच्या असताना, त्या बाटल्या धुवायला लागल्या होत्या.

साहेब जाताना माझ्या टेबलापाशी थांबले. "तू बघ जरा. कुठे चुकतंय ते शोध. शिकव त्यांना."

मी चोवीस वर्षांची होते. रसायनशास्त्राची पदवी आणि तिच्यावर आणखी एक पदवी, आणि नोकरीत येऊन पाच महिने. शिकव म्हणे.

दुपारी फ्लास्क धुवायला न्यायला आलेली धुलाईची ताई दारातूनच म्हणाली, "काय हो बाई, परत आमच्यात येताय म्हणे? तुमचा जुना नळ ठेवलाय मी राखून. गळतो अजून."

सगळे हसले. बाईही हसल्या. मग त्यांनी एक फ्लास्क उचलला, उजेडाकडे धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. तो रिकामा होता.

*

जडपणा मोजायची पद्धत सोपी आहे. पाण्यात रंगाचे थेंब टाकले की ते डाळिंबी होतं. ब्युरेट म्हणजे रेघा आखलेली उंच काचेची नळी, शून्य वर, पन्नास तळाशी, दर आकड्याला दहा बारीक रेघा, खाली तोटी. तिच्यातून द्रावण थेंब थेंब सोडत राहायचं. एका क्षणी, एका थेंबात, डाळिंबी पाणी निळं होतं. तिथे तोटी बंद करायची आणि नळीत द्रावण कितव्या आकड्यापर्यंत उतरलं ते वाचायचं. त्या आकड्याला वीसने गुणलं की उत्तर.

तो शेवटचा थेंब पकडणं हीच कला. बाई पूर्ण थेंब पडूच द्यायच्या नाहीत. अर्धा थेंब तोटीच्या टोकाला लटकवायच्या, फ्लास्कच्या काचेला टेकवून तेवढाच उतरवून घ्यायच्या. मी हे पुस्तकात वाचलं होतं. करताना पाहिलं ते पहिल्यांदा त्यांना.

म्हणजे रंगात चूक नव्हती. साहेबांचा संशय डोळ्यांवर होता. बाई डॉक्टरकडे जाऊन आल्या. मोतीबिंदूची सुरुवात आहे, पण कामात अडण्याइतकी नाही, असं त्यांनी सांगितलं. नवा चष्मा आला. आकडे तसेच कमी येत राहिले.

मग मी रंग आणि चुना बाजूला ठेवले. ब्युरेटमध्ये नुसतं पाणी भरलं, हवं तेवढं सोडलं आणि बाईंना आकडा सांगायला सांगितलं. मी मागे उभी राहून तीच नळी वाचत होते आणि वहीत दोन रकाने भरत होते. दोन दिवसांत चोवीस वाचनं झाली. मी दहा वाचलं तिथे बाई नऊ पॉइंट सात म्हणाल्या. वीस वाचलं तिथे एकोणीस पॉइंट चार. तीसला एकोणतीस पॉइंट एक.

त्या वहीकडे पाहून मला खरं सांगायचं तर थोडा आनंद झाला. डोळे असे चुकत नाहीत. डोळा चुकला तर कधी वर चुकेल, कधी खाली. बाई दर शंभराला तीन चुकत होत्या. नेमक्या तीन. हा डोळ्यांचा दोष नव्हता, हा हिशेब होता.

"बाई," मी विचारलं, "तुम्ही आकडा बघितल्यावर मनात काही वजा करता का?"

"काय वजा करणार? दिसतं ते सांगते."

"इथे काय दिसतंय?"

त्या वाकल्या. "नऊ पॉइंट सात."

"बोट ठेवा."

त्यांनी बोट ठेवलं. बोट दहाच्या रेघेवर होतं. त्या बोटाकडे आम्ही दोघीही बघत राहिलो.

"अगं बाई," त्या म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या. "तीन नंबर!"

*

जुन्या प्रयोगशाळेत चार ब्युरेट होत्या. बाई त्या धुवायच्या. धुताना प्रत्येक नळीत सारखंच पाणी घ्यायचं आणि नंतर मोजपात्रात रिकामं करायचं, असा त्यांचा आपला नियम होता. कोणी सांगितला नव्हता. "नुसतं धुवायचं तर डोकं कुठे ठेवायचं?" असं त्या मला म्हणाल्या. तीन नंबरच्या नळीतून पन्नास मिलिलिटरच्या रेघेपर्यंत पाणी सोडलं तरी पात्रात साडेअठ्ठेचाळीसच भरायचं. सात वर्षं बाटल्या धुतलेल्या बाईने एक दिवस हे मोठ्या साहेबांना सांगितलं. तेव्हाचे मोठे साहेब. ते म्हणाले, सांडलं असेल. त्या म्हणाल्या, रोज तेवढंच कसं सांडेल? मग साहेबांनी ते पाणी तराजूवर तोललं. साडेअठ्ठेचाळीस ग्रॅम भरलं. नळीवरच्या रेघाच चुकीच्या आखलेल्या होत्या.

"नवी नळी मागवली. ती आली नाही," बाई म्हणाल्या. "बाकीचे म्हणाले, आम्ही ही खोटी नळी वापरणार नाही. मोठे साहेब मला म्हणाले, तू शोधलंस ना, मग तूच सांभाळ. दहाला तीन बारीक रेघा कमी धरत जा. आणि मला टेबलावर घेतलं."

"आणि नवी नळी?"

"ती कधीच आली नाही. मोठे साहेब गेले, दुसरे आले, तिसरे आले. मी आपली दहाला तीन." त्यांनी मोजल्यासारखं केलं. "सत्तावीस वर्षं. आधी मनात म्हणायची. मग म्हणायचीही राहिली नाही. तू श्वास घेताना मोजतेस का?"

म्हणजे सत्तावीस वर्षं त्यांचे आकडे बरोबर होते. नव्या इमारतीत नव्या, तपासून आलेल्या ब्युरेट लागल्या आणि जुन्या चारही फेकल्या गेल्या, त्या दिवसापासून ते चुकायला लागले. जिच्यामुळे त्या धुलाईतून टेबलावर आल्या तीच गोष्ट आता त्यांना परत तिकडे ढकलत होती. हे मला लगेच दिसलं. त्यांना माझ्याआधी दिसलं असणार.

त्या उठल्या. "चार महिन्यांची पत्रकं चुकलीत मग."

"तीन टक्क्यांनी. बाई, तेवढ्याने कुणाला काही—"

"किती पत्रकं?"

मी मोजून ठेवली होती. "तीनशे अठरा."

त्या तशाच साहेबांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं. साहेबांचा आवाज बाहेरपर्यंत आला: "बाई, हे तुम्ही मला सांगितलंत म्हणजे आता मला ते कागदावर आणावं लागणार. आणि एकदा कागदावर आलं, की दुसऱ्या बाटलीला काही झालं तर माझ्या हातात काहीही राहणार नाही. समजतंय ना?"

"समजतंय. दुरुस्तीचा शेरा मी लिहू की तुम्ही लिहिता?"

*

कारण सापडलं की काम संपलं, असं मला वाटलं होतं. वजा करायचं नाही, एवढंच तर होतं.

रविवारी मी एक जादा ब्युरेट वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्या घरी घेऊन गेले. तिसरा मजला, दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत त्यांचे यजमान शिवणयंत्रं दुरुस्त करत बसलेले. भिंतीला लागून चार यंत्रं, जमिनीवर एक उघडलेलं. आम्ही आतल्या खोलीत ओट्यावर स्टँड उभा केला. मी पाणी सोडत होते, बाई आकडा सांगत होत्या.

पहिल्या वीस वाचनांत सात चुकली. मला वाटलं सुधारेल. पुढच्या वीसमध्ये नऊ चुकली, आणि आता चुका दोन्हीकडे होत होत्या. कधी त्या नकळत वजा करायच्या. कधी वजा केलेलंच नसायचं, पण केलंय असं वाटून तीन रेघा परत मिळवायच्या.

"दहा पॉइंट तीन. नाही, थांब. मी आत्ता म्हटलं ते आधीचं की नंतरचं?"

"तुम्हीच सांगा."

"मला कळलं असतं तर तुला कशाला विचारलं असतं? आणि ते टिपणं बंद कर बघू! डॉक्टर असल्यासारखी सारखी टिपतेस."

मी वही मिटली.

चहाला आम्ही बाहेर येऊन बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून मी सांगितलं, की मुलाखतीत मला विचारलं होतं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता? मी पंधरा मिनिटं बोलले होते. हे पद, ते प्रशिक्षण, मग संशोधन, पायऱ्या पायऱ्यांनी.

"मला कोणी विचारलंच नाही," बाई म्हणाल्या. "विचारलं असतं तर सांगितलं असतं, पाच वर्षांचं माहीत नाही बुवा, उद्या साडेनऊला इथेच पाहते."

"खोटं बोलते," यजमान यंत्रातून डोकं न काढता म्हणाले. "अडतिसाव्या वर्षी हिला बारावी करायची होती. विज्ञान! घरात एक पोरगी दहावीला, एक बायको बारावीला. दोघींना पेन्सिली टोकदार करून द्यायला मी."

"एकदा नापास झाले ते सांगा की."

"दोनदा."

"एकदा झाले. एकदा आजारी होते."

"बरं, दीडदा." ते हसले. मग हातातला स्क्रू बाजूला ठेवून म्हणाले, "तुमचं मघापासून ऐकतोय मी. माझ्याकडे बायका येतात, जुनं पायाचं यंत्र विकून विजेचं घेतात. पाय हलायचा थांबत नाही. थांबव म्हटलं की आणखी हलतो. मग मी सांगतो, खुर्ची तिरकी करून बस. तिरकं बसलं की पायाला त्याची जागाच सापडत नाही. थोडे दिवस वाकडी शिवण येते, पण पाय गप्प बसतो."

बाईंनी अर्धा कप खाली ठेवला आणि आत गेल्या. मी मागे गेले तेव्हा त्या ब्युरेट भरत होत्या. पण शून्याच्या रेघेपर्यंत नाही. तेरा पॉइंट चारवर थांबल्या.

"सोड पाणी."

मी सोडलं.

"चोवीस पॉइंट शून्य," त्यांनी वाचलं आणि माझ्याच वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. चोवीसमधून तेरा पॉइंट चार गेले, दहा पॉइंट सहा. "शून्यापासून सुरू केलं की आकडा ओळखीचा वाटतो, तोंड आपोआप बोलतं. मधूनच सुरू केलं तर त्याला काय कळणार कशाचे तीन काढायचे?"

वीसपैकी वीस बरोबर आले. आम्ही आणखी वीस केले. एकोणीस.

"तो एक का चुकला?" मी विचारलं.

"मला काय माहीत! तू शास्त्रज्ञ ना?"

*

दुसरी बाटली मंगळवारी आली. साक्षीदार म्हणून साहेबांनी मलाच बसवलं, कारण दुसरं कोणी मोकळं नव्हतं. साक्षीदाराने बोलायचं नाही. पत्रकाच्या तळाशी छापलं होतं: तीन वाचनं, खाडाखोड केल्यास पत्रक बाद, पहिल्यांदा लिहिलेला आकडा हाच आकडा.

बाईंनी बाटली हलवली, पाणी मोजून फ्लास्कमध्ये घेतलं, रंग टाकला. ब्युरेट तेरा पॉइंट चारपर्यंत भरली. खोलीत पंख्याचा आवाज होता आणि तोटी फिरल्याचा. डाळिंबी, डाळिंबी, कडेला जांभळट. अर्धा थेंब काचेला टेकला आणि पाणी निळं झालं. चोवीस पॉइंट शून्य. फरक दहा पॉइंट सहा.

दुसऱ्या वेळी त्यांनी थोडं द्रावण सोडून देऊन एकतीस पॉइंट दोनपासून सुरुवात केली. एक्केचाळीस पॉइंट नऊ. फरक दहा पॉइंट सात. मी श्वास सोडला. तो ऐकू गेला असावा, कारण त्यांनी माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या.

नळीत आता तिसऱ्या वेळेपुरतं द्रावण नव्हतं. त्या भरायला लागल्या. तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि साहेबांनी डोकं आत घातलं. "झालं का, बाई?"

"एक राहिलंय."

"सावकाश. घाई नाही." दार बंद झालं.

बाईंनी पुढचा फ्लास्क घेतला. मी नळीकडे पाहिलं तेव्हा द्रावण शून्याच्या रेघेवर होतं. त्यांच्या हाताने ते तिथे नेऊन ठेवलं होतं, चौतीस वर्षांच्या सवयीच्या हाताने. मला बोलायला बंदी होती. थेंब पडायला लागले होते. डाळिंबी पाणी निळं झालं. तोटी बंद झाली. त्या वाकल्या, नळी वाचली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: १०.३.

पेन टेबलावर ठेवेपर्यंत त्यांना कळलं. त्यांनी परत नळीकडे पाहिलं. द्रावण अजून तिथेच होतं, दहा पॉइंट सहाच्या रेघेवर, दोघींना स्वच्छ दिसेल असं.

टेबलाच्या ड्रॉवरमध्ये कोरी पत्रकं होती. सात होती, मी सकाळी मोजली होती. खोलीत आम्ही दोघीच. माझा हात ड्रॉवरच्या कडीकडे कधी गेला ते मला सांगता येणार नाही, पण मी ड्रॉवर दोन बोटं उघडला होता.

बाईंनी गुडघ्याने तो परत लोटला.

"तू बोलू नकोस," त्या हळू म्हणाल्या. "तुझी नोकरी नवी आहे. डोळे तपासायचे असते तर मी अजून दहा वेळा बरोबर वाचून दाखवलं असतं. ती संस्था मी काय लिहिते ते बघणार आहे. हे मी लिहिलंय. उद्या रोजच्या कामात माझ्या मागे बसून ड्रॉवर कोण उघडणार आहे?"

त्यांनी बेरीज केली. एकतीस पॉइंट सहा. भागिले तीन, दहा पॉइंट त्रेपन्न. वीसने गुणून, जवळचा पूर्ण आकडा: दोनशे अकरा. सही केली. मग पत्रक माझ्याकडे सरकवलं आणि साक्षीदाराच्या जागेवर बोट ठेवलं. माझी सही नेहमीपेक्षा वाकडी आली.

*

उत्तर यायला अकरा दिवस लागले. तोवर बाई अहवालावर सही करत नव्हत्या. त्यांच्या नमुन्यांवर सही साहेब करत होते, आणि त्या रोज दुपारच्या सुट्टीत नुसत्या पाण्याची ब्युरेट घेऊन बसत होत्या. आता मुद्दाम शून्यापासून. "तिरकं किती दिवस बसणार?" म्हणाल्या. आकडा सांगायच्या आधी त्या रेघेवर बोट ठेवायच्या, मग बोट काय म्हणतं तेच मोठ्याने बोलायच्या. टिपायचं काम त्यांनी परत मला दिलं होतं. पहिल्या दिवशी वीसमध्ये सहा चुका. चौथ्या दिवशी चार. आठव्या दिवशी दोन. एकदा मी विचारलं, अकरा महिन्यांसाठी कशाला एवढं? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही परक्या भाषेत बोलले होते.

धुलाईची ताई रोज दारात थांबून विचारायची, "आलं का हो?" आता ती नळाबद्दल काही बोलत नव्हती. मी रात्री झोपेत दोनशे अकराच्या दोन्ही बाजूंना आकडे मांडत होते. एकही चूक नसती तर दोनशे तेरा झाले असते. खरा आकडा दोनशे सोळा असेल तर काय, दोनशे नऊ असेल तर काय. बाईंना झोप लागत होती का, ते मी विचारलं नाही.

अकराव्या दिवशी साहेब पाकीट घेऊन आले. या वेळी ते स्टूल ओढून बसले. पाकीट त्यांनी फोडलेलं नव्हतं. बाईंनी वीसातलं सतरावं वाचन पूर्ण केलं, तोटी बंद केली, हात कोरडे केले आणि पाकीट उघडून कागद माझ्याकडे दिला.

"तू वाच. मोठ्याने."

मी वाचलं.

"नमुना दुसरा. पाण्याचा जडपणा. कळवलेला आकडा दोनशे अकरा. खरा आकडा दोनशे चौदा. मान्य मर्यादा दोनशे दहा ते दोनशे अठरा."